‘छोट्या खोलीसाठी’ म्हणून विकलेले सराउंड स्पीकर परत घ्या

गिरगाव, मुंबई ४०० ००४
दि. १९ मे २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘कॉम्पॅक्ट, वॉल-माउंटेबल’ म्हणून विकलेली सराउंड स्पीकरची जोडी परत घेऊन रु. ११,९९० परत करण्याबाबत.

महोदय,

गुढीपाडव्याच्या दिवशी, म्हणजे ३० मार्चला, मी आपल्या संकेतस्थळावरून सराउंड स्पीकरची, म्हणजे सिनेमातला आजूबाजूचा आणि मागचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरची, एक जोडी मागवली. ती ४ एप्रिलला घरी आली. त्यानंतर मी आपल्याला तीन ईमेल केले, दोनदा चॅट केले आणि मोजून सात फोन केले. प्रत्येक वेळी ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे एकच वाक्य हाती आले. म्हणून आता हे पत्र कागदावर, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवत आहे. बिलाची, चॅटची आणि फोटोंची प्रत सोबत जोडली आहे.

आधी खोली सांगतो, कारण सगळा वाद तिच्याच नावावर चालला आहे. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेल्या आमच्या घरात हॉल दहा बाय बाराचा. समोरच्या भिंतीवर टीव्ही, मागच्या भिंतीला टेकून सोफा. उजवीकडे सरकत्या काचेची खिडकी, डावीकडे स्वयंपाकघराकडे जाणारी वाट. पुढचे तीन स्पीकर, सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) आणि रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप्लिफायर) माझ्याकडे आधीपासून आहेत आणि उत्तम चालतात. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, पूर्ण व्हायला फक्त मागचे दोन हवे होते.

सराउंड आवाजाचे तंत्र बनवणाऱ्या डॉल्बी कंपनीच्या मांडणीप्रमाणे हे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, नाकासमोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर हवेत. मुंबईतल्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा ‘किंचित मागे’ म्हणजे शेजाऱ्याचे बेडरूम. मग उरतात बाजूच्या भिंती. तिथे कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर आणि भिंतीला जेवढे चिकटून लावता येतील तेवढे लावायचे. म्हणजे आमच्यासारख्या घरात लहान स्पीकर म्हणताना समोरून दिसणारी उंची-रुंदी कुणी मोजत नाही, भिंतीपासून तो किती पुढे येतो ते मोजतात. आपल्या बॉक्सवर मोठ्या आकड्यांत उंची आणि रुंदी छापली आहे. खोली, म्हणजे पुढून मागचे माप, कुठेच नाही.

मी काही आंधळेपणाने ऑर्डर दिली नव्हती. २९ मार्चला आपल्या सल्लागाराला चॅटवर खोलीचे माप, सोफ्याची जागा आणि रिसीव्हरचा मॉडेल क्रमांक हे सगळे लिहून दिले होते. ‘भिंतीला चिकटून लावता येतील का?’ असा सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर आले, ‘येस सर, परफेक्ट फॉर स्मॉल रूम्स.’ मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. माझा रिसीव्हर आणि सबवूफर तिथल्याच एका दुकानातून घेतले आहेत. दुकानदाराने वायरीचे टोक दातांनी सोलता सोलता पहिला प्रश्न विचारला होता, ‘भिंत विटेची आहे की काँक्रीटची?’ त्याला सोडून मी तुमच्या चॅटवर विश्वास ठेवला, हे घरात आता रोज ऐकून घेतो आहे.

रविवार, १३ एप्रिलला सुतार आला. त्याने डाव्या भिंतीत भोक पाडले, फिशर ठोकले, स्क्रू दोन सूत बाहेर ठेवला आणि स्पीकर अडकवला. तो बसेना. काढला, उलटा केला, तेव्हा भानगड कळली. अडकवायची खाच मागे आहे हे खरे, पण वायर लावायच्या क्लिपाही त्याच सपाट पाठीवर, कुठलाही खोलगटपणा न ठेवता, सरळ मागे तोंड करून बसवल्या आहेत. वायर लावली की ती भिंत आणि स्पीकर यांच्यामध्ये चेपते आणि स्पीकर खालून पुढे उचलला जातो. आणि क्लिपांच्या शेजारीच बेसचे छिद्र, रुपयाच्या नाण्याएवढे. म्हणजे स्पीकर कसाबसा भिंतीला टेकवलाच, तर ज्या छिद्रातून हवा बाहेर पडायची तेच भिंतीने बंद होते. भिंतीवर लावायचा स्पीकर एक तर बंद पेटीचा हवा, नाहीतर छिद्र पुढच्या बाजूला हवे. सुतार आवाजाच्या शास्त्रातला नाही, पण त्याने पेटी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाला, ‘साहेब, हे टेबलावर ठेवायचं आहे. भिंतीवाल्याचं तोंड पाठीला नसतं.’

शेवटी त्याने मागे लाकडी ठोकळे लावून जमवले. स्पीकर मुळात सव्वासहा इंच खोल, आता भिंतीपासून साडेआठ इंच पुढे आला. तिसऱ्याच दिवशी चहाचा ट्रे घेऊन येताना बायकोचा खांदा त्याला लागला. एक कप फुटला आणि स्पीकर स्क्रूवरून निसटून वायरीला लोंबकळत राहिला. फोटो क्रमांक ४ पाहावा. त्यात खाली दिसतो तो चहा आहे, गळती नाही. आपल्या एका प्रतिनिधीने तशी शंका काढली होती म्हणून स्पष्ट करतो.

फोन केल्यावर ‘आमचा ब्रॅकेट घ्या’ असे सांगण्यात आले. रु. १,७९९ जोडी. तो ब्रॅकेट पाव इंची आट्याच्या स्क्रूवर बसतो. या स्पीकरला तसले आटे पाडलेले भोकच नाही. ही गोष्ट मला ब्रॅकेट मागवण्याआधी लक्षात आली, ती केवळ सुताराने सांगितले म्हणून. शिवाय तो स्टॉकमध्येही नव्हता, हे माझे नशीब.

समजा, जागेचा प्रश्न मी गिळला. पुढचा भाग गिळता येत नाही, कारण तो कानाचा आहे.

बॉक्सवर छापले आहे : ‘६० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’. हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका आवाज खर्जातला. आत अडीच इंची एकच ड्रायव्हर, म्हणजे थरथरून आवाज काढणारा कागदी पडदा. एवढासा कागद ६० हर्ट्झची हवा हलवणार कशी? असा आकडा देताना ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे पुढे लिहायचे असते, म्हणजे त्या टोकाला आवाज किती पडतो ते कळते. ते लिहिले नाही तर आकडा काहीही टाकता येतो. खरी गोष्ट पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर बारीक अक्षरांत आहे : ‘क्रॉसओव्हर २०० हर्ट्झ ठेवावा.’

या एका ओळीत सगळे आले. क्रॉसओव्हर म्हणजे रिसीव्हरला घालून दिलेली सीमा, तिच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो. सिनेमाच्या आवाजाचे मानक ठरवणाऱ्या टीएचएक्सने ती सीमा ८० हर्ट्झवर आखली, त्याला कारण आहे. तिथपर्यंतचा खर्ज नेमका कुठून आला हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर कोपऱ्यात ढकलला तरी चालतो. सीमा २००वर नेली की हिशोब बिघडतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो, तोही सबवूफरच्या वाट्याला जातो. सिनेमात मागून हेलिकॉप्टर आले की आमच्याकडे पात्यांची फडफड सोफ्याशेजारी आणि घरघर समोर शोकेसच्या बाजूला. मागच्या दाराआडून कुणी बोलले तर शब्दांची टोके मागून येतात आणि छातीतला आवाज टीव्हीखालून. बरे, सीमा ८०वरच ठेवली तर ८० ते २०० मधला मजकूर कुणीच वाजवत नाही, तो वाटेतच गळतो. दोन्ही करून पाहिले. माझ्या ऐंशीच्या पुढच्या आईने सराउंड म्हणजे काय हे माहीत नसताना विचारले, ‘हा माणूस सर्दी झाल्यासारखा का बोलतोय?’

बॉक्सवरच्या ‘२०० वॅट’विषयी फार लिहीत नाही. आमच्या पिढीने टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ची, म्हणजे फुगवलेल्या आकड्याची, चकचकीत स्टिकरे पाहिली आहेत, आम्ही त्याला भुलत नाही. सतत पेलणारी ताकद पुस्तिकेत २५ वॅट दिली आहे आणि दहा बाय बाराला ती पुरते.

ओहमचे, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्या मापाचे, मात्र तसे नाही. माझ्या रिसीव्हरच्या पाठीवर ‘६ ते १६ ओहम’ असे लिहिले आहे. तुमचे स्पीकर ४ ओहमचे निघाले. हे बॉक्सवर नाही, संकेतस्थळावर नाही, फक्त स्पीकरच्या मागे, भिंतीकडे तोंड असलेल्या स्टिकरवर आहे. कमी ओहमचा स्पीकर रिसीव्हरकडून जास्त करंट ओढतो. मे महिन्यातल्या मुंबईच्या उकाड्यात, कपाटात बसलेला रिसीव्हर तासाभरात तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. आठ वर्षांत एकदाही बंद न पडलेला रिसीव्हर एप्रिलपासून चार वेळा बंद पडला. मॉडेल क्रमांक मी आधीच दिला होता. सल्लागाराने तो टाकून पाहिला असता तर दोन मिनिटांचे काम होते.

आता आपले म्हणणे. १७ एप्रिलच्या ईमेलमध्ये आपण लिहिता की दोष ‘रूम अकॉस्टिक्स’चा आहे. माझ्या खोलीत दोष आहे, मी नाकारत नाही. दहा फुटी भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, हे साध्या गणिताने निघते आणि रिसीव्हरचा आवाज मोजायचा माइक लावून मी तो बराच आटोक्यात आणला आहे. पण खोलीला दोष देण्याआधी एक प्रयोग करावा म्हणून मित्राकडून त्याची जुनी जोडी आठवड्यासाठी आणली. चार इंची ड्रायव्हर, बंद पेटी, ८ ओहम, वायरीच्या क्लिपा खोलगट खाचेत. दिसायला तुमच्यापेक्षा दोन इंच उंच, पण खोल फक्त साडेचार इंच. त्याच भिंती, तोच सोफा, तोच रिसीव्हर, क्रॉसओव्हर १०० हर्ट्झ. हेलिकॉप्टर अख्खेच्या अख्खे मागून आले. रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही. बायको ट्रे घेऊन दिवसातून चार वेळा गेली. तेव्हा खोलीला आता यातून मोकळे करावे, ही विनंती.

त्याच ईमेलमध्ये दुसरे कारण आहे की परत करण्याची दहा दिवसांची मुदत संपली. ४ एप्रिलला माल मिळाला. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मी तक्रार नोंदवली, ती दहाव्या दिवशी. आपण उत्तर १७ तारखेला दिलेत आणि मुदत तुमच्या उत्तराच्या तारखेपर्यंत मोजलीत. हा हिशोब कोणत्या पंचांगातला? पुढच्या फोनवर तिसरे कारण मिळाले : ‘स्पीकर इन्स्टॉल केला आहे, म्हणून तो वापरलेला माल.’ भिंतीवर लागत नाही हे भिंतीवर लावल्याशिवाय कळणार कसे, याचे उत्तर त्या ताईंनाही देता आले नाही. त्यांचा दोष नाही. त्यांच्यासमोर जे लिहिले होते तेच त्या वाचत होत्या.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी पोच तिसऱ्या दिवशी आली आणि महिना १४ मे रोजी संपला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘जाहिरात’ या शब्दात लेबल आणि वेष्टनही येते. त्यामुळे ज्या खोक्यावर ‘वॉल-माउंटेबल’ छापले आहे, ते खोके हीच माझ्या दृष्टीने दिशाभूल करणारी जाहिरात आहे. मी ते जपून ठेवले आहे.

माझे मागणे मोठे नाही. जोडी परत न्यावी आणि रु. ११,९९० ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. बदली कूपन नको, ‘पुढच्या खरेदीवर सूट’ नको. सुताराचे आठशे रुपये मी मागत नाही, भोकांत पुट्टी मी भरून घेईन. पण बॉक्सवर पाठीमागची खोली वायरीसकट, ओहम आणि क्रॉसओव्हरचा खरा आकडा एवढ्या तीन गोष्टी समोरच्या बाजूला छापा. ‘फॉर स्मॉल रूम्स’ हे शब्द काढले तरी चालतील. लहान खोलीवाल्यांना आपली खोली लहान आहे हे माहीत असते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. नव्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तेव्हा आपले कार्यालय कोणत्या शहरात आहे याने मला फरक पडत नाही.

माल न्यायला माणूस पाठवाल तेव्हा एवढे पाहा : स्पीकर थर्मोकोलसह मूळ खोक्यात घालून माळ्यावर ठेवले आहेत. संध्याकाळी सहानंतर पाठवा, त्याआधी घरी फक्त आई असते आणि ती अनोळखी माणसाला दार उघडत नाही. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे, चौथा मजला. त्याला पाणी आणि चहा मिळेल.

आपला,
ग्राहक
(स्वाक्षरी)

सोबत : बिलाची प्रत, २९ मार्चच्या चॅटची प्रत, १४ व १७ एप्रिलचे ईमेल, फोटो सहा.