सेटवर निघालेल्या माझ्या लेकीला

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आई, मालिकेच्या इंटर्नशिपला डिरेक्शनला जागा नाही, मला प्रॉडक्शनला टाकलंय.’ सांगताना तुझा आवाज पडला होता. सेटवरून मला नीट बोलता येत नाही, मध्येच कुणीतरी ब्लाऊज टाचायला घेऊन येतं. म्हणून लिहिते आहे.

इतकी वर्षं मी ड्रेस डिपार्टमेंटला काम करते. तुमच्या कॉलेजात शिकवतात ते मला येत नसेल, पण मालिका कुणाच्या जिवावर चालते हे आमच्या खोलीतून स्वच्छ दिसतं. ती प्रॉडक्शनच्या माणसांवर चालते. प्रॉडक्शन म्हणजे चहा-नाश्त्याचा हिशेब, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा रोजच्या मालिकेचं गणित मांडून बघावं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटांचा भाग उरतो. असे आठवड्याला सहा भाग. म्हणजे बारा तासांच्या शिफ्टमध्ये रोज जवळपास एक भाग निघायलाच हवा, नाहीतर बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, खाली येते. हाताशी आठ-दहा भाग तयार असले की सेटवर हसणं-बोलणं असतं. बँक संपली की आज शूट झालेला सीन उद्या रात्री टीव्हीवर जायचा असतो, आणि मग कुणाच्या जेवणाची वेळ कुणी विचारत नाही.

त्यात गुरुवार. गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती जणांनी पाहिली त्याचे, आकडे येतात. आकडा उतरला की चॅनलचा फोन येतो, कथेचा ट्रॅक बदलतो आणि लग्नाचा सीन ठरलेला असतो तिथे हॉस्पिटल येतं. लेखक रात्रभर लिहितात, पानं सकाळी मेकअप चालू असताना मोबाइलवर येतात. अशा वेळी आरडाओरडा न करता ‘हॉस्पिटलचा सेट दुपारपर्यंत लागेल, तोवर स्वयंपाकघरातले तीन सीन काढून घेऊ’ असं सांगणारा एक माणूस लागतो. सोनू, तो माणूस तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळवणं, मात्र आमच्याकडे येऊन शिक. नायिका अंगणातून उंबरा ओलांडते तो शॉट सोमवारी वाईच्या वाड्यात होतो, आणि पुढचं पाऊल ती गुरुवारी ठाण्याच्या सेटवर टाकते. प्रेक्षकांसाठी ते एकच पाऊल असतं. म्हणून पॅकअपच्या आधी आम्ही तिचे फोटो घेतो: समोरून, पाठीमागून, दोन्ही हातांचे वेगळे. पदराच्या निऱ्या किती, पिन कुठे, हिरव्या बांगड्यांमध्ये पाटल्या पुढे की मागे, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, कुंकू केवढं. गजऱ्याचं सगळ्यात अवघड. कथेत एकच संध्याकाळ असते, पण लाइटच्या उष्णतेत गजरा दुपारीच मान टाकतो. त्यामुळे सकाळी एक आणि जेवणानंतर एक, असे दोन सारखे गजरे लागतात. ही मागणी आदल्या दिवशी प्रॉडक्शनकडे गेली नाही तर भर दुपारी घोडबंदर रोडला मोगरा कुठून आणणार? प्रेक्षक बायका पत्रिका जुळवाव्यात तशा बारकाईने बघतात. त्यांना गजरा बदललेला लगेच कळतो.

आता मुख्य गोष्ट. पुढेमागे कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता यायचं आणि कुठला सीन कधी ते लिहिलेला कागद, तू बनवशील. त्या कागदावर तू नुसत्या वेळा लिहीत नसतेस, माणसांचा दिवस लिहीत असतेस. एका मालिकेत आजीचं काम करणाऱ्या बाईंना सकाळी सातचा कॉल होता. नऊवारी, विग, दागिने घालून त्या आठ वाजता तयार होत्या. त्यांचा पहिला सीन दुपारी तीन वाजता लागला. इतका वेळ त्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या, कारण टेकलं तर विग सरकतो. त्यांच्या पायाला सूज आलेली मी पाहिली आहे. कुणी दुष्ट नव्हतं गं, फक्त सीनचा क्रम लावताना त्यांचं वय कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यांचे सीन एकत्र करून जेवणाआधी संपवता आले असते. आणि लक्षात ठेव, आर्टिस्टचा कॉल सातचा म्हणजे मेकअप, हेअर आणि ड्रेसवाल्यांचा सहाचा. आदल्या रात्री पॅकअप नऊला झाला असेल आणि कुणी बदलापूरला राहत असेल, तर त्याला झोप किती मिळाली ते मोजूनच कॉल टाक.

तुझ्यापुरतं दोन-तीन गोष्टी. इंटर्नशिपचं पत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नकोस; तारखा, कामाचे तास आणि मानधन त्यात लिहिलेलं हवं. आमच्याकडे पैसे तीन तीन महिन्यांनी येतात, तेव्हा तोवरच्या खर्चाची सोय आपण घरून करू, लाजू नकोस. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असायलाच हवी. समितीवर कोण आहे हे पहिल्या आठवड्यात विचार. शांतपणे विचार, पण विचारच. रात्री उशीर झाला तर ड्रॉपची गाडी माग, एकटी रिक्षा शोधत उभी राहू नकोस. पायात बूट घाल, सगळीकडे केबल पसरलेल्या असतात. स्पॉटदादांना नावाने हाक मार.

आणि शिफ्ट नसेल त्या दिवशी एडिटला बसू देतील का बघ. कुठला शॉट घ्यायचा राहिला म्हणून एडिटर कपाळाला हात लावतो, हे एकदा पाहिलंस की दिवस आखताना तो शॉट तू विसरणार नाहीस.

रविवारी येशील तेव्हा माझ्याकडच्या जुन्या कॉलशीट काढून ठेवते. तोवर एक शेड्युल बसवून आण: वाडा आणि हॉस्पिटल असे दोन सेट, सहा आर्टिस्ट, नऊ सीन, आणि आजींना दोन वाजता सोडायचंय. कुठे अडलं ते लिहून ठेव, आपण दोघी बघू.

तुझी,
आई