आधी माती बघणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

घरामागच्या तीन गुंठ्यांसाठी पॉवर विडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती उकरणारं यंत्र, घ्यायचं ठरलं, तेव्हा जो तो एकच विचारायचा, किती एचपीचा? तुम्ही इंजिनाचं नावही काढलं नाहीत. वाफ्यात उकिडवे बसलात, मूठभर मातीचा गोळा केलात आणि खाली टाकलात. गोळा फुटला नाही. "माती अजून फार ओली आहे, वाफसा नाही. आज कुठलंही मशीन घाला, ढेकळंच निघतील." मग उठून बोळातलं फाटक मापलंत. ते तर आमच्या डोक्यातही नव्हतं!

सात एचपीचं मशीन विकत न घेता एकदाच भाड्याने आणा, हे तुमचंच. आमची काळी माती वर्षानुवर्षं पायाखाली दडपलेली. पहिली मशागत त्यानेच झाली असती. कडेची पाती काढून ते फाटकातून कसं आत घ्यायचं, तेही तुम्हीच दाखवलंत. नंतरच्या कामाला लहान, पुढे पाती असलेलं पुरलं. असं यंत्र कडक जमिनीत उसळ्या मारतं, मोकळ्या मातीत मात्र वाफ्याच्या टोकाला सहज वळतं. मागचा दांडा मातीत दाबला की चाल मंदावते आणि पाती खोल जातात, ही खुबी दुकानात कुणी सांगितली नव्हती.

फोर-स्ट्रोक इंजिनाचं घ्या म्हणालात, तेही बरं झालं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. ऑइलची पातळी मात्र बघत राहायची.

पण खरे आभार हरळीबद्दल. कुंपणालगतच्या पट्ट्यात मशीन घालू नका, असं तुम्ही बजावलंत. पाती काशांचे, म्हणजे हरळीच्या जमिनीतल्या खोडांचे, तुकडे करतात आणि ओलावा मिळाला की तुकड्यातुकड्यातून नवी हरळी उठते. लव्हाळ्याच्या गाठींचंही तेच, एका जागच्या उचलून साऱ्या परसात पेरल्यासारख्या पसरतात. यंत्र घ्यायला आलेल्या माणसाला कुदळ हातात देणारे तुम्हीच! तो पट्टा आम्ही हातानेच खणला, काशा वेचून उन्हात वाळवल्या. शेजारच्यांनी घाईने विडर फिरवला. त्यांच्याकडे आता हिरवळ चांगली आहे, भाजी नाही.

सल्ल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. वाफ्यात हळद लावली आहे. काढली की तुमच्या वाटणीची घरी पोचवते, तेव्हा नको म्हणू नका.

तुमची,
बोळातल्या फाटकाची मालकीण