इंजेक्शनाबद्दल, आई-बाबांना

नेरुळ

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, आईला अल्झायमरवरचं ते लेकॅनेमॅब इंजेक्शन द्यायचं नाही, असं मी डॉक्टरांना कळवून टाकलंय. दादाशीही बोलले. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून रागवाल, पण आधी पूर्ण वाचा.

प्रश्न पैशाचा नाही, तेव्हा ठेव मोडू नका. हे औषध या आजारात मेंदूत साचलेलं अमायलॉइड नावाचं प्रथिन काढतं, आणि ते काढताना मेंदूला सूज येऊ शकते, बारीक रक्तस्रावही होऊ शकतो. आई हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी घेते. ती चालू ठेवली तर रक्तस्रावाची भीती, बंद केली तर पक्षाघाताची. शिवाय दर पंधरा दिवसांनी सलाईन, मधूनमधून एमआरआय. आणि पदरात काय? 18 महिन्यांच्या चाचणीत, स्मृती आणि रोजची कामं मोजणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर 0.45 गुणांचा फरक. घसरण थोडी मंदावते, गेलेलं परत येत नाही.

साखरेचा आणि विसरण्याचा संबंध काय, हे तुम्ही विचारलं होतंत. इन्शुलिन मेंदूतही काम करतं. ते पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, बसलं की आत पीआय-3 कायनेज हे एन्झाइम जागं होतं, ते एकेटी या दुसऱ्या एन्झाइमला कामाला लावतं, आणि एकेटी जीएसके-3 बीटा या एन्झाइमला दाबून ठेवतं. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशी झाली की जीएसके-3 मोकाट सुटतं आणि टाऊ प्रथिनावर नको तितके फॉस्फेट चढवतं. मग टाऊ पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून सुटतं आणि त्याचे गुंते होतात. अमायलॉइडचे छोटे पुंजकेही इन्शुलिनचा निरोप अडवतात, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. साखर आटोक्यात आली की झालेले गुंते सुटतात, असं मात्र नाही.

आणि साखर फार खाली गेलेली त्याहून वाईट. आई जेवली नाही तर ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी देऊ नका. 70 च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

आई, यात तुझा काही दोष नाही गं. माझ्या वेण्या घालताना तू मान हलू द्यायची नाहीस, तशीच आता मी हट्टी झालेय. रात्रीच्या डोनेपेझिलने, त्या विसरण्यावरच्या गोळीने, वाईट स्वप्नं पडतात म्हणालीस ना, मग आता ती सकाळी नाश्त्यानंतर घे, डॉक्टरांना विचारलंय. ती गोळी मेंदूतल्या पेशींचा निरोप नेणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनचं विघटन रोखते, म्हणजे पेशींचा निरोप थोडा जास्त वेळ टिकतो.

म्हणूनच बाबा, गोखले रोडवरच्या दुकानातून सर्दीची गोळी आणून तिला परस्पर देऊ नका. अशा बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते नेमकं अ‍ॅसिटिलकोलीनच्याच विरुद्ध जातं. लघवी रोखायच्या काही गोळ्यांचंही तेच. डोनेपेझिलने नाडी 50 च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर मला लगेच फोन.

एका दिवसात आई एकदम जास्त गोंधळली, तर आजार वाढला असं धरून बसू नका. आधी साखर आणि ताप बघा, लघवीची तपासणी करून घ्या. जंतुसंसर्गाने असं होतं.

नौपाड्याचं घर सोडायचं नाही, ते पक्कं. तलावपाळीची संध्याकाळची फेरी चालू ठेवा, पण आईच्या पर्समध्ये माझा नंबर असू द्या. शनिवारी माणूस संडासात धरायची दांडी बसवायला येईल. टाइल्सना भोकं पडतील, बाबांनी त्याच्याशी वाद घालू नये.

तुमची,
मनू