शाल पाठवतेय, उसवू नकोस

प्रिय आई-बाबा,

शाल विणून झाली, उद्या पाठवतेय. आई, हातात घेतल्या घेतल्या तुला दिसेलच, म्हणून आधी सांगते. मधल्या एका ओळीत तीन उलट टाक्यांच्या जागी तीन सुलट पडलेत. लक्षात आलं तोवर विणकाम वीतभर पुढे गेलं होतं. उसवायचं नाही असं मी ठरवलं, आणि ते कंटाळा आला म्हणून नाही.

तू शिकवलंस त्यात काहीच खोट नव्हती गं. तुझ्यामुळेच माझा हात बसला. पण सुया हातात आल्या की मी स्वतःची परीक्षाच घेत बसायचे. या शालीच्या वेळी तसं झालं नाही. सुई घालायची, लोकर फिरवायची, नवा टाका ओढून घ्यायचा आणि जुना सुईवरून सोडून द्यायचा. तो सोडल्याशिवाय नवा पुरा होतच नाही. इतकी वर्षं विणतेय, पण हे सोडणं मला आत्ता कुठे जाणवलं. तिथे मन निवतं, श्वास संथ होतो. रोज रात्री तुमची आठवण काढत विणायला बसायचे. मला दुसरी प्रार्थना येत नाही.

बाबा, हे काही माझ्याच डोक्यातलं खूळ नाही हं. अमेरिकेत जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी १९९८ मध्ये 'प्रेयर शॉल'चा उपक्रम सुरू केला. ज्याच्यासाठी शाल, त्याच्यासाठी विणताना प्रार्थना करायची. तीन सुलट, तीन उलट ही वीण मी त्यांच्याकडूनच घेतली.

लोकर टोचत नाही, गळ्याशी धरून पाहिलीय. हलकी आहे, आणि खांद्यावरून घसरू नये इतकी रुंद केलीय. बाबांच्या पायांवरही पुरेल.

आई, तू माझ्या दोन्ही मनगटांवर लोकरीची लड अडकवून समोर गुंडा करत बसायचीस, आठवतं? हात जरा खाली आला की नुसतं "अं?" म्हणायचीस. अजूनही कधी कधी वाटतं, हात पुढे करून तुझ्यासमोर बसावं.

आता मात्र ऐक. बाबांचा स्वेटर पुन्हा गळ्यापासून उसवलास म्हणे. अंगठे सुजलेत आणि तू रात्री टाके मोजतेस! धुऊन, सपाट पसरून वाळवला की लहानमोठे टाके बरेचसे सारखे होतात, हे तूच मला सांगितलंयस. जुन्या सुया ठेवून दे. सोबत बांबूची गोल सुई पाठवतेय, दोन सुया मधे लवचिक दोरीने जोडलेली, तिच्यामुळे विणलेल्याचा भार मांडीवर राहतो, मनगटांवर येत नाही. सलग अर्ध्या तासाच्या वर विणायचं नाही. बाबा, लक्ष ठेवा.

शाल कोमट पाण्यात हातानेच धुवा. पिळू नका, दोरीवर टाकू नका, ताणून लांब होते. आणि आई, क्रोशाची सुई घेऊन ते तीन टाके दुरुस्त करायला बसू नकोस. मी रविवारी फोन करेन, तेव्हा अंगठा डॉक्टरांना दाखवलास का ते आधी सांग. शालीचं मग बोलू.

तुमची,
चिमी