फुलांतले छायाचित्र पायवाटेवरूनच घ्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कास पठारावर तेरडा आणि सोनकी फुलू लागली की लग्न ठरलेली जोडपी, त्यांचे छायाचित्रकार आणि सहकुटुंब आलेले पर्यटक अशा सर्वांनाच एक छायाचित्र हवे असते : चहूकडे फुले आणि मधोमध आपले माणूस. ही हौस मला मुळीच वावगी वाटत नाही. व्यक्तिचित्रे टिपणे हाच माझा व्यवसाय आहे. परंतु त्यासाठी माणसाला फुलांत नेऊन उभे करण्याची, बसवण्याची, प्रसंगी आडवे निजवण्याची जी पद्धत पडली आहे, ती पठाराला घातक आहे आणि छायाचित्रासाठी तिची गरजही नाही, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कास म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, अर्थात सपाट उघडा कातळ. त्यावरचा मातीचा थर अनेक ठिकाणी बोटभरच आहे आणि पावसाळाभर तो ओलाचिंब असतो. सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले अशाच निकस, ओल्या मातीत वाढतात व जमिनीखाली असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपले पोषण मिळवतात. तेथे बूट पडला की माती दबते आणि रोपही जाते. तेरडा हंगामी आहे. बी धरण्याआधीच तो चिरडला गेला, तर त्या जागी पुढच्या पावसाळ्यासाठी बी पडतच नाही. त्याचे पिकलेले बोंड बोट लागताच उकलते आणि बिया आजूबाजूला उडतात, पण तोवर रोप उभे राहायला हवे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण सहज म्हणतो. खरे तर फूल गळून गेल्यानंतरचेच दिवस त्याच्या दृष्टीने मोलाचे असतात.

आता छायाचित्राविषयी. माणसाला पायवाटेवर किंवा उघड्या कातळावर उभे करावे आणि छायाचित्रकाराने वाटेच्या वळणावर मागे सरून अशा जागी बसावे, की दोघांच्या मध्ये फुलांचा पट्टा येईल. कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणावा, लेन्स ८५ ते २०० मिलिमीटरची घ्यावी, लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २.८ किंवा ४ ठेवावे आणि फोकस डोळ्यांवर धरावा. पुढची फुले धूसर होऊन त्यांचा रंगीत पडदा होतो, मागची फुले दाटीवाटीने उमलल्यासारखी दिसतात, वाट झाकली जाते आणि माणूस फुलांत उभा आहे असेच पाहणाऱ्याला वाटते. मोबाइल असेल तर दोन-तीन पट झूम करून तो उलटा धरावा, म्हणजे लेन्स आपोआप जमिनीलगत येते. सप्टेंबरच्या ढगाळ हवेत उजेड इतका मऊ असतो की डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत. त्यामुळे चेहऱ्यावर उजेड परतवणारा रिफ्लेक्टर धरून कोणाला फुलांत उभे करण्याचेही कारण उरत नाही. विवाहपूर्व चित्रीकरणासाठी आणले जाणारे जमिनीवर लोळणारे घोळदार झगे मात्र घरीच ठेवावेत, कारण त्यांच्या एका फेरीत हातभर रुंदीच्या पट्ट्यातली फुले मोडतात.

हे संकट केवळ आपल्याकडचे नाही. कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोर शहराजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ च्या वसंतात केशरी पॉपींनी डोंगर भरून गेले आणि छायाचित्रांसाठी वाट सोडून फुलांत शिरणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की प्रशासनाला काही काळ प्रवेश थांबवावा लागला. २०२३ मध्ये पुन्हा तसाच बहर आला, तेव्हा ती दरी लोकांसाठी बंदच ठेवण्यात आली. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या आपल्या पठारावर ती वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून वन विभागाला आणि पठाराची निगा राखणाऱ्या ग्रामस्थांच्या समितीला माझी विनंती आहे की, वाटेलगतच्या काही उघड्या कातळांवर छायाचित्रासाठी जागा आखून द्याव्यात आणि छायाचित्रकाराने कोठे बसावे याची खूणही तेथेच करावी. व्यावसायिक छायाचित्रकारांना परवानगी देताना वाट न सोडण्याची अट लेखी घालावी आणि ती मोडणाऱ्याची परवानगी त्या हंगामापुरती रद्द करावी. अशा जागा निवडण्यासाठी आणि पर्यटकांना ही पद्धत दाखवण्यासाठी सुट्टीच्या दिवशी विनामोबदला पठारावर येण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक व्यावसायिक छायाचित्रकार, सातारा