गॅरेजचा खर्च घराच्या चौरस फुटाने काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बांधकामांना जोर येतो. अलीकडे त्यात एक काम हमखास असते: परड्यात किंवा घराच्या बाजूला गाडीसाठी स्वतंत्र गॅरेज. काम लहान, म्हणून त्याचा अंदाजही लहान कागदावर होतो. मिस्त्री जागा पावलांनी मोजतो, घराच्या बांधकामाचा चालू दर चौरस फुटाला गुणतो आणि एक आकडा सांगतो. शटर बसेपर्यंत तो आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो. मग मालक म्हणतो मिस्त्रीने फसवले, मिस्त्री म्हणतो माल महागला. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे चूक असते, कारण मुळात मोजमापच झालेले नसते.

चौरस फुटाचा हिशेब गॅरेजला का लागू पडत नाही, ते पाहा. हजार चौरस फुटांच्या चौकोनी घराला बाहेरची भिंत साधारण १२६ फूट लागते, म्हणजे शंभर चौरस फुटांमागे साडेबारा फूट. आतून ११ बाय २० फुटांचे, म्हणजे २२० चौरस फुटांचे गॅरेज घेतले तर त्याच्या भिंतीची मध्यरेषा ६५ फूट भरते. शंभर चौरस फुटांमागे हे २९-३० फूट झाले. पाया, जोते, भिंत, गिलावा, रंग हे सगळे भिंतीच्या लांबीवर चालते. घरात आतल्या भिंती, संडास-मोरी, फरशा असतात आणि त्या गॅरेजमध्ये नसतात हे खरे, पण त्यांच्या जागी शटर, जाड कोबा (काँक्रीटची जमीन) आणि रॅम्प येतो. म्हणून घराचा दर इकडे आणूच नये. घराला लागून गॅरेज काढले तर एक भिंत वाचते. सुटे काढले की चारही बाजू आपल्या.

मापापासूनच सुरुवात करू. १० बाय १८ फुटांत चार मीटरच्या आतली गाडी बसते, पण दार उघडून जाड माणूस उतरू शकत नाही. इनोव्हा क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर, म्हणजे साडेपंधरा फूट लांब. तिच्या मागे डिकी उघडायला आणि पुढे चालायला जागा सोडली की २० फूट लागतातच. रुंदीला आतून ११ फूट, शटरची मोकळी रुंदी ९ फूट आणि उंची साडेसात फूट हे माप आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना पुरते. भिंत जोत्यावर ९ फूट घ्यावी, म्हणजे शटरच्या गुंडाळीला वर दीड फूट मिळतो. हा दीड फूट नकाशात विसरला की गुंडाळी खाली येते आणि कॅरिअर लावलेली गाडी आत जात नाही.

आता जमीन. आमच्या मते अर्धा अंदाज इथेच ठरतो. आपला जिल्हा मातीच्या बाबतीत एकसारखा नाही. खानापूर, जांबोटीकडे तांबडी माती, मुरूम आणि जांभा. शहापूर-वडगावच्या शिवारात, निपाणीच्या रानात आणि पुढे बैलहोंगल, अथणीकडे काळी माती. मुरमात अडीच फूट रुंद आणि तीन फूट खोल चर पुरतो. ६५ फुटांला खोदाई जवळपास पाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). काळ्या रानात चर तीन फूट रुंद आणि पाच फूट खोल न्यावा लागला तर तीच खोदाई दहा ब्रासच्या घरात जाते. बरे, खोदलेली माती सैल होऊन फुगते, म्हणजे बारा-तेरा ब्रास माती टिप्परने बाहेर टाकायची आणि तिच्या जागी मुरूम विकत आणायचा. मिस्त्रीच्या चिठ्ठीत यातले अक्षरही नसते.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: फुगणारी माती जड इमारतीपेक्षा हलक्या इमारतीला जास्त उचलते. दुमजली घराचे वजन मातीला दाबून धरते, गॅरेजचे तेवढे वजनच नसते. “एवढ्याशा शेडला कशाला खोल पाया” हे वाक्य काळ्या मातीत उलटे आहे. भेग शटरच्या कोपऱ्यातून तिरपी चढते, शटर ज्या पट्टीत सरकते ती गाईड हलते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शटर अडकायला लागते. लोक शटरवाल्याला बोलावतात, त्याचा काही दोष नसतो.

उपाय असा: अंदाज काढण्याआधी गॅरेजच्या जागी तीन बाय तीनचा, पाच फूट खोल खड्डा मारून पाहावा. दोन बिगाऱ्यांची दिवसभराची मजुरी, एवढाच खर्च. तीन-चार फुटांत मुरूम लागला तर मुरमात सहा इंच शिरून थांबावे. काळा थर खाली खालीच जात असेल तर त्याचा पाठलाग करू नये. अभियंत्याकडून अंडर-रीम्ड पाईल (तळाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि जमिनीपासून तीन इंच पोकळी ठेवलेला प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याचा बीम, असे डिझाइन करून घ्यावे. काहीही झाले तरी खोदलेली काळी माती पुन्हा चरात किंवा जोत्याच्या भरावात जाऊ देऊ नये. तिथेच पडलेली असते म्हणून ती हमखास आत ढकलली जाते.

जमीन चांगली आहे असे धरून वरच्या मापाच्या गॅरेजला माल किती लागतो तो हिशेब देतो. जोते एक फूट, पाया डबराचा (ओबडधोबड दगडाचा), भिंत आठ इंची सिमेंट ब्लॉकची, वर पाच इंची स्लॅब. पायाखालच्या १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) च्या बेड काँक्रीटला सिमेंटची आठ पोती, डबराच्या बांधकामाला चौदा, ब्लॉकच्या जोडणीला पाच, प्लिंथ बीम, लिंटेल पट्टा (दारावरचा काँक्रीट पट्टा) आणि दर्शनी दोन कॉलमांना मिळून सव्वीस, स्लॅबला पंचवीस, जमिनीखालच्या कच्च्या काँक्रीटला सात आणि वरच्या कोब्याला एकवीस, गिलाव्याला पंधरा. रॅम्प धरून एकूण सव्वाशे पोती. घरासाठी स्लॅबच्या चौरस फुटाला ०.४ पोते हा ठोकताळा गवंडी वापरतात. त्याने इथे, भिंतींसह २६३ चौरस फुटांच्या स्लॅबला, १०५ पोतीच येतात. वीस पोत्यांची तूट तिथेच लपलेली असते. सळई स्लॅबला साधारण २०० किलो, बीम-लिंटेल-कॉलमला २८०. तुकडे आणि वाया जाणारे धरून ५००. ब्लॉक साडेपाचशे ते पावणेसहाशे. भरावाला सैल मुरूम तीन ब्रास, कारण धुम्मस केल्यावर (ठोकून दाबल्यावर) तो पाव हिश्श्याने बसतो. आणि गिलावा? आत, बाहेर आणि छत मिळून तेराशे चौरस फूट. २२० चौरस फुटांच्या गॅरेजला जमिनीच्या सहापट गिलावा, त्यावर तेवढाच रंग. हा आकडा ऐकून बरेच जण पुन्हा मोजायला लावतात. मोजावाच.

खानापूरकडे जांभ्याचा चिरा सहज मिळतो, तेव्हा ब्लॉकऐवजी चिऱ्याची भिंत करायला हरकत नाही. पण चिरा पाणी पितो. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो ती बाजू तरी गिलावा करून घ्यावी आणि चिऱ्यांची जाडी मागवण्याआधी मोजावी, कारण खाणीगणिक माप बदलते.

सहा कॉलमचा सांगाडा एकमजली गॅरेजला लागत नाही. “उद्या वर खोली काढू” म्हणून तो उभा करणारे पुष्कळ, वर खोली काढणारे थोडे. खरोखर काढायची असेल तर फुटिंग (कॉलमखालचा पाया) आत्ताच त्या भाराचे घ्या, जिन्याची जागाही आत्ताच सोडा. नाहीतर भिंतीवर स्लॅब पुरेसा आहे. मात्र दर्शनी बाजू अपवाद. ११ फुटांच्या रुंदीत ९ फुटांचे शटर काढले की दोन्हीकडे फूट-फूटभर भिंत उरते. शटरवरच्या बीमचा सगळा भार या दोन अरुंद तुकड्यांवर येतो, म्हणून तिथे आरसीसी कॉलम हवेतच.

जमिनीला शहाबादी किंवा कडप्पा घालू नये. जॅक लावला की फुटतो. पाच इंच १:१.५:३ चा कोबा, मध्यावर एक आडवा सांधा आणि दाराकडे शंभरास एक उतार, म्हणजे वीस फुटांत अडीच इंच. आपल्याकडे चार महिने गाडी पाणी गाळतच आत येते. उतार नसला तर ते पाणी मागच्या भिंतीशी साचते. शटरची रेषा बाहेरच्या रॅम्पपेक्षा अर्धा इंच वर ठेवावी.

रॅम्पबद्दल दोन शब्द जास्त, कारण तो अंदाजात कधीच नसतो. एक फूट जोत्याला आठ फूट लांबीचा रॅम्प लागतो. फाटक पाच फुटांवर असेल तर चढ उभा होतो आणि बुटक्या गाडीचे पोट घासते. मग जोते सहा इंच करा, असा सल्ला मिळतो. उंच जागेवर तो ठीक आहे. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकडच्या सखल भागात नाही. ऑगस्ट २०१९ चे पाणी ज्यांच्या दारात आले होते त्यांना हे पटवावे लागणार नाही. तिथे गॅरेजच फाटकापासून मागे सरकवावे. जुन्या वसाहतींत परड्यात सेप्टिक टँक असतो, त्याच्या झाकणावरून गाडी जाणार असेल तर ते झाकण माणसाच्या वजनाचे असते, गाडीच्या नव्हे. नवे जाड झाकण अंदाजात धरावे.

स्लॅबऐवजी पत्रा घातला की काम निम्म्यात होते, असा समज आहे. वरचे आकडे पाहा: स्लॅबला सव्वाशेपैकी पंचवीस पोती, म्हणजे पाचवा हिस्सा. सळई आणि सेंट्रिंग वाचते, पण पाया, भिंत, कोबा, शटर तेच राहते आणि पाइपच्या चौकटीचा खर्च वाढतो. तरीही वर काही बांधायचे नसेल तर आम्ही पत्र्याच्याच बाजूचे आहोत. भिंतीवरून भिंतीवर एकाच लांबीचा अर्धा मिलिमीटरचा रंगीत पत्रा, मध्ये जोड नको, उतार बारा फुटांत दोन फूट. नट-बोल्टच्या हुकांऐवजी रबरी वॉशरचे स्क्रू, आणि पन्हळीच्या खोलगट भागात नव्हे, उंचवट्यावर. चौकटीचे बोल्ट भिंतीवरच्या काँक्रीट पट्ट्यात ओततानाच बसवावेत. मागाहून भोक पाडून ठोकलेला बोल्ट जूनच्या वाऱ्यात सुटतो.

स्लॅबच करायचा तर तयार काँक्रीटचा मोह टाळावा. काँक्रीट लागते तीन घनमीटर, मिक्सर गाडीची जेमतेम निम्मी खेप; किमान आकारणीत सगळा फायदा जातो. जागेवरचा एका पोत्याचा मिक्सर बरा.

दरांकडे येऊ. सिमेंट पोत्यामागे २० रुपयांनी वाढले तर सव्वाशे पोत्यांना अडीच हजारांचा फरक. सळई किलोला ५ रुपयांनी वाढली तर पाचशे किलोला तेवढाच. लोक यावरच दुकानदाराशी घासाघीस करतात, आणि काळ्या मातीचे दहा-बारा ब्रास, रॅम्प, शटर यांचा खर्च न विचारता मान्य करतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मूळ दर तोच धरला तर पोते पावणेआठ टक्क्यांनी उतरायला हवे. त्याआधीची कोटेशन्स कोणी पुढे करत असेल तर नवी मागावीत. ट्रॉलीत वाळू किंवा एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) आली की टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजावी. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, “एक ट्रॉली” हे माप नव्हे. ओलसर वाळू पाव हिश्श्यापर्यंत फुगलेली असते, तेही ध्यानात ठेवावे.

शटरवाला मोकळ्या मापाचे नव्हे, गुंडाळी आणि गाईडसह मापाचे पैसे घेतो. यात लबाडी नाही, पण आधी विचारावे. घरातून गॅरेजपर्यंतची केबल आणि अर्थिंग ही बाब वेगळी लिहून घ्यावी. विजेची गाडी घ्यायचा विचार असेल तर साध्या चार्जिंगला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट पुरतो. सात किलोवॉटच्या चार्जरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि हेस्कॉम या वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवणे आले. पाइप मात्र आत्ताच पुरून ठेवावा, कोबा फोडायची वेळ येत नाही.

महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी सुट्या गॅरेजलाही लागते. नकाशाचे कागद कन्नडमध्ये आणि मिस्त्रीची चिठ्ठी मराठीत असते. दोन्हींतली मापे एकच आहेत ना हे कोणीतरी ताडून पाहायला हवे. कोटेशन बाबवार घ्यावे: खोदाई ब्रासवर, काँक्रीट घनफुटावर, गिलावा चौरस फुटावर, सळई किलोवर, आणि प्रत्यक्ष मापाप्रमाणे बिल असे त्यावर लिहून घ्यावे. सगळे जमल्यावर आठ-दहा टक्के वर धरावेत. पुन्हा पुन्हा हातचे धरायची गरज पडत असेल तर खड्डा मारलेला नाही असे समजावे.

शेवटी आपल्याला एक विनंती. बटाटा, कांदा, गूळ यांचे भाव छापले जातात, तसे आठवड्यातून एकदा सिमेंट, सळई, खडी, एम-सँड, मुरूम आणि ब्लॉक यांचे दर बेळगाव, खानापूर व निपाणीसाठी छापावेत. दरापुढे माप ब्रासमध्ये आहे की टनात, आणि माल क्रशरवर की जागेवर पोच, हे दोन्ही लिहावे. खडीच्या दरात अर्धा फरक भाड्याचाच असतो आणि खानापूरच्या गिऱ्हाइकाला बेळगावचा दर सांगून काम घेणारे कमी नाहीत.

आपले,
बांधकामाची अंदाजपत्रके काढणारे काही वाचक,
टिळकवाडी, बेळगाव