बटण दाबलं तरी हूं की चूं नाही

नांदेड,
२१ मे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. वळवाचं वारं सुटलं, लाईट चार वेळा गेली-आली आणि तेव्हापासून कॉम्प्युटर मुका झाला, हे वाचलं. दुकानदारानं झाकण न उघडताच ‘मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला’ सांगितलं, त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस. बोर्ड गेल्याचा निकाल सगळ्यात शेवटी लावायचा असतो. भिंतीपासून आत, वीज ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं तपासत जा.

आधी एक गोष्ट पक्की कर. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, हा वेगळा आजार. तिथं रॅम (मेमरीची पट्टी) किंवा मॉनिटरची केबल बघायची. पंखा सेकंदभर फिरून थांबतो, हा तिसरा. तुझ्याकडं पंखाही हलेना, बत्तीही लागेना, म्हणजे वीज कुठंतरी अडली आहे.

यूपीएस आणि एक्स्टेंशन बाजूला काढ, कॉम्प्युटर थेट भिंतीच्या थ्रीपिनला लाव. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि काही यूपीएस बॅटरी मेली की घरात लाईट असूनही पुढं वीज सोडत नाहीत. सॉकेट मोबाईलच्या चार्जरवर तपासू नकोस. तो १०० व्होल्टवरही चालतो, त्यामुळं दाब कमी असला तरी कळत नाही. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घे, एसीच्या ७५० च्या खुणेवर ठेव आणि सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये, मोज. २३० च्या आसपास हवं. डीपीवर न्यूट्रल सुटला असेल तर हाच आकडा ३०० च्या वर जातो आणि घरातली उपकरणं एका झटक्यात जातात. शेजाऱ्यांचेही टीव्ही-बल्ब त्याच वेळी गेले का, ते विचार.

न्यूट्रल आणि अर्थ (वरचं मोठं भोक) यांच्यातला आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगची पट्टी मातीपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात मीठ टाकून दोन-चार बादल्या पाणी ओत. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, हे मीटर न लावताच समज.

आता मागची काळी केबल. ती एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यात, गच्च बसलेली हवी. शक्य असेल तर दुसरी लावून बघ. मागचा छोटा स्विच चालूकडं आहे ना? जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० लिहिलेला लाल स्विच असतो. साफसफाई करताना तो ११५ वर सरकला असेल तर आपल्या विजेवर पहिल्याच झटक्यात फटाका वाजतो.

मग केबल काढ आणि पुढचं बटण ३० सेकंद दाबून धर. दाब उसळला की एसएमपीएसचं संरक्षण कधी कधी अडकून बसतं. आतली शिल्लक वीज निघून गेली की सुटतं. पेनड्राईव्ह, माऊस, प्रिंटर, नेटची केबल, सगळं काढून ठेव. पुढच्या यूएसबीच्या खाचेत टॉर्च मारून बघ. आतल्या पिना वाकून एकमेकींना चिकटल्या असतील तर तेवढ्यानंही कॉम्प्युटर उठत नाही. वीज कडाडताना नेटची केबल लावलेलीच होती का? तिच्यातूनही झटका बोर्डात शिरतो.

एवढ्यानं जमलं नाही तर झाकण उघड, केबल परत लाव आणि बोर्डावर एखादी छोटी बत्ती लागते का बघ. लागली तर एसएमपीएसचा राखीव भाग (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा) जिवंत आहे आणि संशय बटणावर जातो. बटणाची दोन तारांची पिन बोर्डावरून काढ, तिच्या जागी रिसेटची पिन लाव आणि रिसेट दाब. सुरू झाला तर बटणच खराब. रिसेटवर वर्षानुवर्षं चालवलास तरी काही बिघडत नाही.

आता खरी परीक्षा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डात लावलेलाच राहू दे. मीटर डीसी २० वर ठेव, काळा प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) कुठल्याही काळ्या तारेत आणि लाल प्रोब जांभळ्या तारेच्या मागून, जिथं तार प्लॅस्टिकमध्ये शिरते तिथं खोचून धर. कॉम्प्युटर बंद असतानाही इथं ५ व्होल्ट हवेत; ४.७५ ते ५.२५ चालतात. मग तोच लाल प्रोब हिरव्या तारेत. आधी साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसतील, आणि बटण दाबलं की आकडा शून्याजवळ पडायला हवा. पडला तर बोर्डानं एसएमपीएसला ‘सुरू हो’ अशी हाक दिली. तरी पंखा फिरला नाही तर एसएमपीएस आजारी आहे, नाहीतर पुढं कुठंतरी शॉर्ट आहे. आकडा पडलाच नाही तर बोर्डापर्यंत हाक पोचत नाही किंवा बोर्ड ती देत नाही. दुकानदारानं एवढं केलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

जांभळीवर शून्य आलं तरी घाई करू नकोस. भिंतीचा प्लग काढ, मोठा कनेक्टर बोर्डातून उपस, प्लग परत लाव आणि परत मोज. आता ५ आले तर एसएमपीएस ठीक आहे, बोर्डातला शॉर्ट त्याला खाली ओढत होता. तरीही शून्य, तर एसएमपीएस गेला.

मोकळ्या कनेक्टरवर हिरवी आणि शेजारची काळी तार पेपरक्लिपनं जोडली की एसएमपीएसचा पंखा फिरायला हवा. क्लिप लावताना-काढताना प्लग काढलेला असू दे. तेव्हा पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. सगळ्या तारा काळ्या असतील तर कनेक्टरला जिकडं खटका असतो त्या बाजूची ओळ बघ: त्यात एक घर रिकामं असतं, त्यापासून लांबच्या टोकाकडून चौथं घर म्हणजे हिरवी. काही ब्रँडेड कॉम्प्युटरांचा कनेक्टरच वेगळा असतो, तिथं हा प्रयोग करू नकोस. आणि पंखा फिरला म्हणजे सगळं बरं, असंही नाही; भार पडल्यावर बसणारे एसएमपीएस पुष्कळ असतात.

एसएमपीएसचं पोट मात्र उघडायचं नाही. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात, प्लग काढल्यावरही थोडा वेळ. आतला फ्यूज उडालेला असेल तर सहसा दुसरं काहीतरी शॉर्ट होऊन उडालेला असतो. नुसता बदलला की परत उडतो. कधी त्यात वाळलेली पाल निघते, कधी मुंग्यांचं वारूळ. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत कपॅसिटर लवकर सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळजवळ अर्धं होतं.

नवा एसएमपीएस घेताना ‘४५० वॅट’ या मोठ्या अक्षरांवर जाऊ नकोस. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर ते वाच. १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच. तुझ्याकडं ग्राफिक्स कार्ड नाही, तेवढं पुरेल, पण वजनाला हलका डबा घेऊ नकोस.

पंखा सेकंदभर फिरून थांबायला लागला तर प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची जोडणी नीट बसव, रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरनं पूस आणि एकच रॅम लावून बघ. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टच्या बराच खाली असेल तर तोही बदल. वीस-पंचवीस रुपयांचं काम आहे.

जांभळी आणि हिरवीचे आकडे कागदावर लिहून मला पाठव, बटण दाबण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. तोवर दुकानदाराला बोर्डाचे पैसे देऊ नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बालाजी